मोहाच्या तेलातलं इंग्रजी गाणं

बेताल माणूस नोकरीत चालतो, संसारात चालतो, पंचायतीत तर फारच चालतो. फक्त भजनात चालत नाही. हा धडधडीत अन्याय आहे असं शालिकरामबाबूंचं मत होतं आणि ते त्यांनी कधी लपवलं नाही. विचारलं मात्र कोणी नव्हतं.

शालिकरामबाबू नागभीडजवळच्या खैरटोल्यात एका लाकूड कंपनीच्या डेपोत कारकून होते. ओंडके मोजायचे आणि त्यांच्या तोंडावर हातोड्याने कंपनीचा शिक्का ठोकायचा, हे काम. त्यांचा ठोका जागेवर अचूक पडे. वेळेवर पडायची ओंडक्यांना गरज नसते, भजनाला असते. गावच्या भजनी मंडळाचे प्रमुख सोमाजी हे लोकशाही मानणारे गृहस्थ, त्यामुळे त्यांनी बाबूंचे टाळ पुष्कळ दिवस सहन केले. मग एकदा भर अभंगात ते जागचे उठले, बाबूंच्या हातातून टाळ हळूच काढून घेतले आणि म्हणाले, "शालिकराम, तू आयक. आयकनारा पण लागते नं गा कोनी."

हे त्यांनी इतक्या मायेने सांगितलं की रागावताही येईना. त्या दिवसापासून बाबू मंडळात बायाबापड्यांच्या मागे बसू लागले. मांडीवर बोटानं ताल धरायचीही चोरी, कारण शेजारचा माणूस चुकायला लागायचा. आपल्याला पुन्हा त्या सतरंजीवर बसायला मिळावं, एवढी एकच इच्छा त्यांच्या आयुष्यात उरली होती. बायको प्रेमिला म्हणायची, इच्छा असावी माणसाला, पण टाळ नसावेत.

अशात कंपनीचे मॅनेजर डिमेलोसाहेब बायकोमुलांसह ऑस्ट्रेलियाला निघाले. पुष्कळ सामान वाटून टाकलं. कोणाला खुर्ची मिळाली, कोणाला कोंबड्या. शालिकरामबाबूंच्या वाट्याला मोठ्या कर्ण्याचा, चाबीचा ग्रामोफोन आला, आणि ग्रामोफोनवर चुकून राहून गेलेला एकच एक तवा, म्हणजे रेकॉर्ड. साहेब म्हणाले, बाबू, या गाण्यावर सध्या सगळी दुनिया नाचते आहे. दुनियेत खैरटोला धरला नव्हता, हे साहेबांच्या लक्षात आलं नसावं.

बाबूंनी पेटी डोक्यावर घेऊन गावातून मुद्दाम लांबच्या वाटेनं घरी आणली. ज्यांनी टाळ काढून घेतले त्यांच्या दारावरून संगीत घेऊन जाण्यात एक न्याय होता.

पण यंत्र घरात आणणं सोपं, ते शेजाऱ्यांपासून वाचवणं कठीण. शेजारच्या मुखरूला सर्व यंत्रांतलं कळत असे, कारण त्याच्याकडे बैलांची रेंगी, म्हणजे छोटी गाडी, होती. डिमेलोसाहेबांनी दिलेल्या डबीत सुया निघाल्याच नाहीत, तेव्हा पहिल्याच दिवशी त्याने बाभळीचा काटा बसवून दिला, आणि गाण्याची पहिली ओळ गोड वाजली. इथपर्यंत ठीक होतं. एका यशाने माणूस डॉक्टर होतो. दुसरी ओळ यायच्या आत पेटीतून बारीक कुरकुर येते असं त्याने निदान केलं, झाकण उघडलं, आणि त्याच्या रेंगीच्या आसाला जे तेल लागतं तेच, म्हणजे मोहाच्या टोळीचं, बियांचं तेल, वाटीभर आत सोडलं. बाबू नको नको म्हणत होते, पण दिवा त्यांनीच धरला होता.

आता झाडीपट्टीत हे पोरंबाळंही जाणतात की टोळीचं तेल थंडीत तुपासारखं थिजतं. मुखरूलाही ठाऊक होतं. त्याच्या रेंगीला फरक पडत नसे, कारण ती बैल ओढत. ग्रामोफोनला बैल नव्हते. दिवस पौषाचे, आणि बाबू गाणं लावायचे ते सकाळी डेपोत जाण्याआधी आणि संध्याकाळी आल्यावर, ऐन गारठ्यात. आतली कमान घट्ट तेलात रुतायची.

त्यामुळे व्हायचं असं. गाणं सुरू व्हायचं ते मागे वाघ लागल्यासारखं. एक तरणाबांड गडी काहीतरी कळवळून सांगतोय, ढोल धडधडतोय, तारा खणखणताहेत. मग दुसऱ्या कडव्याला त्या गड्याला जांभई आल्यासारखी व्हायची. आवाज जाड होत, खाली खाली जात, शेवटी एखादं म्हसरू विहिरीत उतरल्यासारखा गुरगुरायचा. इथे बाबू उठायचे आणि चाबीला गरागरा वळसे द्यायचे. गडी दचकून जागा व्हायचा आणि पुन्हा पळत सुटायचा. पुढच्या कडव्याला पुन्हा तेच. डिमेलोसाहेबांकडे बाबूंनी हे गाणं कधी ऐकलं नव्हतं, आणि घरी तेलाआधी वाजली ती एकच ओळ, तेव्हा गाणं असंच असतं, अशी त्यांची प्रामाणिक समजूत झाली. साहेब लोकांचं सगळंच असं असतं. आधी धावपळ, मग विश्रांती.

कुंपणाबाहेर रोज गर्दी होऊ लागली. एक दिवस तिच्यात सोमाजी दिसले. बाबूंनी कर्णा त्यांच्याकडे वळवला. सोमाजी सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा गाणं मान खाली घालून ऐकत राहिले, आणि मग त्यांनी विचारलं, "काय म्हणते गा हा?"

शालिकरामबाबूंचं इंग्रजी ओंडक्यांपुरतं होतं. लांबी, घेर आणि नापास, एवढ्या शब्दांत त्यांची नोकरी निभत होती, आणि त्या गाण्यात यातला एकही शब्द नव्हता. पण सोमाजींनी आयुष्यात प्रथमच त्यांना संगीतातलं काही विचारलं होतं. अशा वेळी मला ठाऊक नाही असं म्हणणारा माणूस संत असतो, आणि संत लाकूड डेपोत टिकत नाहीत.

"भूपाळी हाय साहेब लोकायची," बाबू म्हणाले. "देवाले उठवून राह्यला तो."

"मंग मधातच पेंगते काऊन?"

"तो नाई पेंगत, सोमाजीभाऊ. देव पेंगते. म्हनून त चाबी द्या लागते."

सोमाजींनी ग्रामोफोनला नमस्कार केला आणि ते निघून गेले. आपण काय करून बसलो हे बाबूंना त्या क्षणी कळलं नाही, पण प्रेमिलाला कळलं. ती म्हणाली, तुमी आता त्याले गाणं देऊन टाकलं.

आठ दिवसांच्या आत भजनी मंडळात नवं पद आलं. 'ऊठ गा देवा, उजाडलं, दार राऊळाचं उघडलं.' चाल तीच, धावती. दुसऱ्या कडव्याला सगळं मंडळ हळूहळू मंद होत जाई, मृदंग रेंगाळे, माना छातीवर पडत, आणि सोमाजींचा आवाज पार जमिनीला टेके. तो देव पेंगल्याचा देखावा. मग मंडळी एकदम उजव्या हाताने हवेत गरागरा चाबी फिरवत, आणि देव जागा होऊन पद पुन्हा उधळे. म्हाताऱ्या गुणाबाईच्या डोळ्यांना पाणी आलं. देवाच्या झोपेचा इतका विचार आजवर कोणी केला नव्हता, असं ती म्हणाली.

शालिकरामबाबू मागे बसून ऐकत होते. पद संपल्यावर सोमाजी आपलं नाव घेतील, निदान आपल्याकडे बोट दाखवतील, म्हणून ते सावरून बसले, टोपी नीट केली. सोमाजींनी प्रसाद वाटायला सांगितला. बाबूंना प्रसाद मिळाला. तोही शेवटी.

उन्हाळा लागला तसा मुखरूने नवा सल्ला दिला की तवा उन्हात पापडासारखा वाकतो, तो धानाच्या कोठीत थंडगार पुरून ठेवावा. प्रेमिलाने तवा जुन्या लुगड्यात गुंडाळून कोठीत ठेवला, आणि पेटीवर पाटीभर लसूण वाळत घातला. म्हणजे अस्सल गाणं कोठीत गेलं आणि नकला गावोगाव फिरू लागल्या. ही जगाची रीत आहे, तिला एकट्या खैरटोल्याला दोष देता येत नाही.

शेजारच्या गावचा जंगू बाजेवाला एका लग्नाला आला होता, त्याने सोमाजींचं पद ऐकलं आणि क्लॅरिनेटवर उचललं. त्या वैशाखात एकही वरात नवरीच्या दारी सरळ पोचली नाही. बाजा मंदावला की वऱ्हाडी वाकत वाकत भुईला टेकायचे, रेंगीत बसलेला नवरदेवही डोळे मिटून घ्यायचा, आणि मग सगळे जण चाबी फिरवत उसळायचे. काही गावांत तर नवरदेवाच्या मामाने चाबी दिल्याशिवाय बाजा पुढे सरकेना, आणि ही आपल्या पूर्वजांची चाल आहे असं मामा लोक सांगू लागले. धानाची रोवणी आली तेव्हा बांधीतल्या बायांनी ती चाल उचलली. पेंगायच्या जागी त्या कंबर सरळ करायच्या. मूळ गवयाला हे सुचलं नसतं.

या सगळ्या उलाढालीत शालिकरामबाबूंना कोणी ओळख दिली नाही. एका लग्नात त्यांनी जंगूला सांगून पाहिलं की हे गाणं माझ्या घरचं आहे. जंगू म्हणाला, असू दे नं भाऊ, अन् त्यांच्या हातात पानसुपारी ठेवली.

दिवाळी झाली. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. भर दुपारी मैदानात दंडार उभी राहते, गडीमाणसं नाचतात, गातात, सोंगं काढतात. सोमाजींनी त्या वर्षीच्या दंडारीत पेंगत्या देवाचा नाच बसवला होता, आणि जंगूचा बाजाही त्याच मंडईला येणार होता. दोघांनाही सलामीला तीच चाल वाजवायची होती. सोमाजी म्हणाले चाल माझी, जंगूने चोरली. जंगू म्हणाला चाल माझ्या आज्याची, सोमाजींनी तिला देव चिकटवला. पारावर बैठक बसली. शालिकरामबाबू मागे उभे होते, आणि जन्मात पहिल्यांदा ते न विचारता पुढे आले.

चाल दोघांचीही नव्हे, असं त्यांनी सांगितलं. अस्सल तवा आपल्याकडे आहे, तो मंडईत सगळ्यांसमोर वाजवू, मग कळेल. त्यांची अट एकच होती. गाणं त्यांच्याकडून आलं असं ठरलं तर त्यांना मंडळात परत घ्यायचं.

सोमाजींनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "आनजो तवा," ते म्हणाले. "निंघालं तुहं गाणं, त सतरंजीवर बसवतो तुले. नाई निंघालं, त जनमभर मांगं बसून आयकजो. पुन्हा टाळाचं नाव नाई."

बाबूंनी घरी येऊन लसूण बाजूला सारला आणि चाबी दिली. पेटी ढिम्म हलली नाही. तेल, धूळ आणि लसणाची सालं यांची आत वीट झाली होती. मुखरू म्हणाला, थोडं ताजं तेल टाकून पाहू. त्या दिवशी शालिकरामबाबू मुखरूला जे बोलले ते त्यांच्या स्वभावाला शोभणारं नव्हतं, पण परिस्थितीला शोभणारं होतं.

शेवटी मंडईच्या आदल्या दिवशी रजा टाकून ते पेटी चांदा शहरातल्या एका घड्याळजीकडे घेऊन गेले. तवा गाडीच्या धक्क्यात फुटेल म्हणून कोठीतच ठेवला. घड्याळजीने आतून तळहाताएवढा गोळा काढला, हुंगला, आणि हे खायचं होतं का असं विचारलं. घड्याळजीने सगळं रॉकेलनं धुतलं, नवं ग्रीस भरलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्याजवळचा एक सिनेमाचा तवा लावून दाखवला. तो खणखणीत वाजला. बाबू खूश झाले.

परतीच्या छोट्या रेल्वेगाडीत तिकीट तपासनिसांना शंका आली की हा कर्णा सामान आहे की वाद्य. वादकाने हातात धरलेलं वाद्य त्यांच्या मते सामान नव्हतं, त्याला भाडं नव्हतं.

"तुम्ही वादक आहात का?" त्यांनी विचारलं.

शालिकरामबाबूंना हा प्रश्न आजवर कोणी विचारला नव्हता. ते अंगात आल्यासारखे "हो" म्हणाले. मग वाजवून दाखवा, असं आलं. तवा तर कोठीत. सगळा डबा बाबूंकडे पाहत राहिला. अखेर कर्णा सामान ठरला, शालिकरामबाबू प्रवासी ठरले, आणि वादक कोणीच ठरलं नाही. या वादात त्यांची मान खाली गेली ती नागभीडपर्यंत वर आली नाही.

गाडीला उशीर झाला, त्यामुळे घरी जायला सवड नव्हती. प्रेमिला लुगड्यातला तवा पोटाशी धरून मंडईतच उभी होती. तिथे पोलीस पाटील आडवे आले. इंग्रज जाऊन दहा वर्षं झाली, आता त्यांचं गाणं भर मंडईत लावायचं तर सरकारविरुद्ध त्यात काही नाही ना, अशी त्यांची विचारणा होती. बाबू म्हणाले, भूपाळी आहे. पाटलांनी स्वतःच्या पोराच्या लग्नात मामाकडून चाबी फिरवून घेतली होती, त्यामुळे ते विरघळले.

मैदानात एका बाजूला सोमाजींची दंडार, पायांत घुंगरं बांधून उभी. दुसऱ्या बाजूला जंगूचा बाजा. मध्ये टेबलावर ग्रामोफोन. तव्याच्या खाचांत धानाचा भुसा अडकलेला होता, तो प्रेमिलाने पदराने पुसला. बाबूंनी बाभळीचा काटा टेकवला.

गाणं उधळलं. पहिलं कडवं सर्वांच्या ओळखीचं होतं, माणसं डोलू लागली, बाबूंचा ऊर भरून आला. दुसरं कडवं आलं. दंडारीतले गडी सवयीने वाकू लागले, म्हाताऱ्यांनी माना खाली घातल्या, जंगूने डोळे मिटले.

गवई पेंगलाच नाही. तो तसाच धावत राहिला, तिसऱ्या कडव्यात शिरला, चौथ्यात शिरला. निम्मे नाचे भुईला टेकले होते ते तसेच राहिले, निम्मे घाईने उठले ते टेकलेल्यांवर आपटले. कोणाची घुंगरं कोणाच्या धोतरात अडकली. चाबी फिरवायला उगारलेले हात हवेत तसेच राहिले. गाणं बघता बघता संपलं आणि काटा खरखर करू लागला.

सगळ्यात मोठा धक्का शालिकरामबाबूंना बसला होता. अस्सल गाणं तेही आज पहिल्यांदाच ऐकत होते, आणि खरं सांगायचं तर त्यांनाही ते चुकल्यासारखं वाटलं.

"हे थे गाणं नोहे," गुणाबाई म्हणाली.

सोमाजी जंगूजवळ गेले. दोघे हलक्या आवाजात बोलले, आणि गेला महिनाभर एकमेकांचं तोंड न पाहणाऱ्या त्या दोघांचं पहिल्यांदा एकमत झालं. सोमाजींनी निकाल सांगितला की इंग्रजाने चाल आपल्याकडचीच उचलली आहे, पण मधला भाग त्याला जमलेला नाही. जंगूने मान हलवली. तो म्हणाला, गडी चांगला आहे, पण घाई करतो.

निकाल लागला होता. लोक उठू लागले. शालिकरामबाबूंना समोर एकदम पुढचं सगळं आयुष्य दिसलं, बायाबापड्यांच्या मागचं. त्यांनी प्रेमिलाकडे पाहिलं. ती दुसरीकडे बघत होती, कारण तिला रडू येत होतं आणि ते तिला दाखवायचं नव्हतं. बाबूंनी पेटीला चाबी दिली आणि काटा पुन्हा पहिल्या खाचेत ठेवला.

पहिलं कडवं धावून गेलं. दुसरं आलं, आणि जिथे तो गडी पौषात रोज पेंगायचा नेमक्या तिथे बाबूंनी तव्याच्या कडेवर तर्जनी टेकवली. अगदी हलकी, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावी तशी. आवाज जाड झाला, खाली उतरला, आणखी उतरला. निघालेली माणसं थबकली. बाबूंनी डोळे मिटले होते. सगळी थंडी त्यांनी हे गाणं सकाळ-संध्याकाळ ऐकलं होतं, तेव्हा कुठे किती पेंगायचं हे त्यांच्या बोटाला ठाऊक होतं. मागे घुंगरं हळूहळू भुईला टेकल्याचा आवाज आला. अख्खी मंडई वाकली. मग शेकडो उजवे हात हवेत गरागरा फिरले आणि शेवटच्या वळशाला बाबूंनी बोट उचललं.

गाणं उसळलं ते दंडारीसकट. पुढच्या कडव्याला पुन्हा बोट, पुन्हा भुई, पुन्हा चाबी. जंगूचा क्लॅरिनेट मध्येच मिसळला. कोणी चुकलं नाही.

तवा थांबला तेव्हा सोमाजी टेबलाजवळ आले. त्यांनी आधी ते बोट पाहिलं, मग बाबूंना.

"शालिकराम," ते म्हणाले, "तुले ताल समजते गा."

एवढ्या वर्षांत हे वाक्य ऐकल्यावर काय म्हणायचं हे बाबूंनी पुष्कळदा ठरवून ठेवलं होतं. त्यातलं एकही त्यांना आठवलं नाही. ते फक्त रडले, भर मंडईत, टोपी तोंडाशी धरून.

सोमाजी शब्दाला जागले. शालिकरामबाबू सतरंजीवर बसू लागले, सोमाजींच्या उजव्या हाताला, ग्रामोफोनसह. टाळ मात्र त्यांच्या हातात कोणी दिले नाहीत, आणि त्यांनीही मागितले नाहीत. गाणं कोणाचं हा वाद तिथेच मिटला. ते आता इंग्रजाचं सोडून सर्वांचं होतं.

पुढच्या हिवाळ्यात बाबू आणि मुखरू नागभीडच्या एका हॉटेलात चहा पीत बसले असता मालकाच्या रेडिओवर तेच गाणं लागलं. आवाज मात्र दुसराच होता, कोणा नव्या गड्याचा. साहेबांच्या मुलखातही लोक एकमेकांची गाणी उचलतात, हे ऐकून बाबूंना बरं वाटलं. त्यांनी कप खाली ठेवला. दुसरं कडवं आलं, तशी त्यांची तर्जनी आपोआप टेबलावर टेकली. मुखरूने मान खाली घातली.

तो गडी थांबला नाही. पहिल्यासारखाच धडाधड शेवटापर्यंत पळत गेला.

बाबूंनी बोट उचललं आणि ते म्हणाले, "बिचारा. याच्याजवळबी बोट ठेवनारा कोनी नाई."

मग त्यांनी उरलेला चहा संपवला.